झाकणाखालची वायर

“बाबांना काही विचारू नका हं,” कौमुदी म्हणाली. “ते सांगत नाहीत. नुसते हसतात.”

हे ती हनुमंतला म्हणाली, तेही हळू आवाजात. पण टाकवे बुद्रुकमधली हनुमंतची ती फॅब्रिकेशनची शेड तिन्ही बाजूंनी पत्र्याची होती, आणि आत पुटपुटलेलं दारात बसलेल्या माणसाला जसंच्या तसं ऐकू येत होतं. दारात माधवराव बसले होते. लाल प्लॅस्टिकची खुर्ची, एक पाय तारेनं बांधलेला. हनुमंतनं ती खांद्यावरच्या फडक्यानं पुसून “बसा आबा निवांत” म्हणत पुढे सरकवली तेव्हाच त्यांना ते खुपलं होतं. तळेगावजवळच्या एका कारखान्यात ज्या माणसानं चौतीस वर्षं विजेच्या देखभालीचा विभाग सांभाळला, त्याला विजेचं काम चाललेलं असताना निवांत बसायला सांगायचं! ते हसले. नेहमीसारखे, नाकातून, आवाज न करता. आणि मग कौमुदीचं ते वाक्य आलं, तसे त्यांचे ओठ तिथल्या तिथे मिटले. बरोबर आहे, त्यांनी मनात म्हटलं. सांगत नाही. आज तर मुळीच सांगणार नाही.

समोर कौमुदीची पांढरी गाडी उभी होती आणि तिच्या टपावर तो तंबू. मिटलेला असताना तो तंबू वाटतच नव्हता. काळ्या अॅल्युमिनियमची एक लांबरुंद चपटी पेटी, पुढच्या बाजूला बिजागऱ्या. मागचा खटका काढून झाकण वर उचललं की आतून कापडाच्या भिंती उभ्या राहायच्या, गादी तयारच असायची, आणि बाजूला शिडी लावून माणसानं वर चढायचं. माणसानं हजारो वर्षं खपून जमिनीवर घर बांधायची विद्या मिळवली, आणि त्यांच्या मुलीनं ती बाजूला ठेवून गाडीच्या डोक्यावर चढून झोपायचं ठरवलं होतं. आता त्या झाकणावर सोलर पॅनेल बसवायचं. त्याची वीज खाली डिकीतल्या बॅटरीत जाणार, आणि बॅटरीतून दुसरी वायर पुन्हा वर तंबूत येणार, दिव्याला, पंख्याला आणि मोबाइलला. घर सोडून निघायचं आणि घरातलं सगळं बरोबर हवं! लोणावळ्यात त्यांच्या तुंगार्लीच्या गल्लीत शनिवार-रविवारी उतरणारे लोक असेच. निसर्ग बघायला यायचं, आणि बंगल्याच्या मागच्या न्हाणीएवढ्या तलावात कंबरभर पाण्यात उभं राहून गाण्याचा ठणाणा करायचा. धुकं उतरलं की त्याच्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढायचे. जाताना चिक्कीची खोकी डिकीत कोंबायची आणि ती घरी नेऊन वाटून टाकायची. गल्लीतल्या बंगल्यांना आता नावं नव्हती, ‘भाड्याने मिळेल’च्या पाट्या होत्या. माधवराव व्हरांड्यात बसून हे सगळं बघायचे. खरं तर निवृत्तीनंतर तेच त्यांचं काम झालं होतं. त्यांची बायको पद्मजा एकदा त्यांच्यापुढे चहा ठेवून म्हणाली होती, “तुम्हाला कुणीच आवडत नाही का हो?” त्यावर ते म्हणाले होते, “आवडण्यासारखं कुणी दाखव.” पद्मजा आत गेली होती. उत्तर नेमकं बसलं, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं.

आत ड्रिल सुरू झालं. हनुमंत चाळिशीचा, आडवा, दाढी वाढलेला गडी. गेट, खिडक्यांच्या जाळ्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करणारा. पॅनेल बसवायला त्यानं अॅल्युमिनियमचे चार अँगल कापून घेतले होते. भोकं पाडायच्या आधी त्यानं पेन्सिलीनं खुणा केल्या, पुन्हा मोजल्या. माधवरावांना हे बारकाईनं करणं दिसलं आणि आवडलं नाही. मग त्यांना शोधायची होती ती गोष्ट सापडली. मागच्या दोन नटांखाली त्यानं हादऱ्यांत नट धरून ठेवणारे स्प्रिंग वॉशर घातले नव्हते. हं, म्हणजे आहेच. आजवर त्यांनी पाहिलेल्या प्रत्येक कामात ते होतंच. माणूस चांगली सुरुवात करतो आणि शेवटाला जेवणाची वेळ होते.

“ताई, तुमचं काम काय म्हनायचं मग? फिरायचंच?” हनुमंतनं विचारलं.

“झरे मोजते,” कौमुदी म्हणाली. ती टपावर गुडघे टेकून बसली होती, हातात फटी बुजवायच्या सिलिकॉनची नळी. “डोंगरातल्या गावांचे. कुठला झरा कधी आटतो, किती पाणी देतो, वर्षभर नोंदी ठेवायच्या. आधी आंदर मावळ, खांडीपासून सुरुवात. रोज पहाटे मोजावं लागतं, म्हणून तिथंच राहायचं.”

“आमच्या आजोळाला व्हता झरा. बारा महिने. आता नुसती वल ऱ्हाती. तो बी मोजा.”

“कुठे? सांगा ना.”

आणि हनुमंत सांगू लागला, ती वहीत लिहून घेऊ लागली. माधवराव खुर्चीत जरा ताठ झाले. मुलगी बँकेतली नोकरी सोडून काय करते आहे याला ते नातेवाइकांत “ती सध्या फिरते” असं म्हणत, आणि ‘फिरते’ या शब्दाला किंचित वळण देत. झरे मोजते हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिनं सांगितलं नव्हतं? की सांगितलं होतं आणि तेव्हा ते हसले होते? त्यांना आठवेना. आठवलं ते भलतंच. नववीत असताना तिनं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पुठ्ठ्याचं धरण केलं होतं, त्यावर एक छोटा दिवा. शाळेत नेण्याआधी तिनं ते जेवणाच्या टेबलावर मांडलं, आणि एक वायर चुकीच्या जागी डकवलेली त्यांना एका नजरेत दिसली. ते गप्प राहिले. प्रदर्शनात दिवा लागला नाही. येताना रस्ताभर त्यांनी तिला समजावलं की तो का लागला नाही, मुद्द्यामुद्द्यानं, आणि ती मुकाट्यानं चालत होती. ती ऐकते आहे असं ते समजत होते. तिनं नंतर पुन्हा कधी काही टेबलावर मांडलं नाही, हेही त्यांना आताच, या तारेनं बांधलेल्या खुर्चीवर, लक्षात येत होतं. आणि त्याचाही त्यांना राग आला. एवढ्याशा दिव्याचं इतकं मनात धरून ठेवायचं!

साडेअकराच्या सुमाराला वायरी आल्या. पॅनेलची वायर खाली न्यायची आणि बॅटरीची वर आणायची, तर दोन्ही एकाच वाटेनं नेलेल्या बऱ्या, असं कौमुदीनं ठरवलं, आणि तिनं वाट निवडली ती बिजागरीशेजारची फट. झाकण उघडं असताना ती फट बोटभर होती. वायरी अलगद आत गेल्या. हनुमंत म्हणाला, “झ्याक.” माधवरावांनी मान थोडी वाकडी केली. झाकण मिटलं की ती फट उरत नाही. झाकणाची धातूची कड वायरींवर बसणार. गाडी चालली की कड हलणार, घासणार. वायरीचं वरचं आवरण किती दिवस तग धरेल? चार? एखादा? आणि बॅटरीच्या लाल वायरवर फ्यूज नव्हता. तिनं ती सरळ बॅटरीला जोडली होती. बारा व्होल्टची वीज हाताला झटका देत नाही म्हणून लोक तिला खेळणं समजतात. पण वायर उघडी पडून दोन्ही तारा एकमेकींना टेकल्या आणि मधे तोडणारा फ्यूज नसला, की अख्खी बॅटरी त्या वायरीत ओतली जाते, ती निखाऱ्यासारखी लाल होते. आणि वायर जाते कुठून, तर गादीला लागून.

हे सगळं त्यांना दिसायला निमिषही लागलं नाही. चौतीस वर्षांची नजर होती ती. आणि दिसल्याबरोबर जे वाटलं ती काळजी नव्हती. त्यांना बरं वाटलं. छातीत काहीतरी सैल होऊन ऊब पसरावी तसं. पाहा. विचारू नका म्हणत होती. त्यांनी पाय लांब केले, हात पोटावर जुळवले. विचारलं तर सांगू. एका शब्दानं विचारलं तरी सांगू. तिनं एकदा मान वळवून “बाबा, बरोबर आहे ना?” म्हणावं, एवढंच. ती वळली नाही. ती सिलिकॉन भरत होती, जीभ दातांत धरून, लहानपणी धरायची तशी. तिच्या कपाळावर काळा डाग होता. शेडमधे तापलेल्या लोखंडाचा आणि कापलेल्या अॅल्युमिनियमचा वास होता, आणि तो वास त्यांना थेट कारखान्यातल्या त्या जुन्या दिवसाकडे घेऊन गेला, जिकडे ते कधी स्वतःहून जात नसत.

नथू. आंबी गावचा. कंत्राटावरचा फिटर, सदा हसणारा, आणि म्हणूनच त्यांना न आवडणारा. शेडच्या पंख्याची जोडणी करायला शिडीवर चढला होता, आणि बंद केलेला स्विच चुकीचा होता, शेजारचा. माधवराव खाली उभे होते. मॅनेजर दारातून आत येत होते. ‘थांब’ एवढंच म्हणायचं होतं. आणि त्यांनी एक क्षण, फक्त एक क्षण, थांबायचं ठरवलं. मॅनेजरांना दिसू दे, कंत्राटावर कसली माणसं घेता तुम्ही. नथू आधी टेस्टर लावून बघेल, घाबरेल, सगळ्यांसमोर फजिती होईल, असा त्यांचा हिशोब होता. नथूनं टेस्टर लावला नाही. झटका बसून तो शिडीवरून खाली आला तेव्हा आवाज झाला नव्हता, असंच त्यांना आठवे. मनगटाचं हाड सांधलं, पण वाकडं. फिटरचं काम त्याला पुढे जमलं नाही. चौकशीच्या कागदावर माधवरावांनी ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं लिहिलं, आणि त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्या एका क्षणाबद्दल कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं का?

“बाबा, बघा हं.”

ते दचकले. कौमुदीनं तंबूतलं बटण दाबलं. भर दुपारी तो पिवळा दिवा मिणमिणला, पंखा गुरगुरला. ती वरून खाली बघत होती, त्यांच्या चेहऱ्याकडे, आणि सावधपणे बघत होती. तेव्हाच सांगता आलं असतं. पण ती विचारत नव्हती, दाखवत होती. ‘बघा’ म्हणाली होती, ‘बघता का’ नव्हे. एवढा कीस त्यांनी त्या दोन सेकंदांत पाडला, आणि म्हणाले, “छान.”

तिचा चेहरा असा काही उजळला की त्यांना खाली बघावं लागलं. “खरंच?” ती म्हणाली. त्यांच्या तोंडून तिनं हा शब्द यापूर्वी कधी ऐकला होता, हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

मग पद्मजानं दिलेली थालीपिठं तिघांनी तिथंच खाल्ली. हनुमंतनं “आबांच्या हाताला काय लागलं न्हाई, तरी हात धुवा” म्हणत पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि त्यात काही खोच होती की नुसता भोळेपणा, हे ठरवण्यात त्यांचं जेवण संपलं. कौमुदीनं झाकण खाली ओढलं, खटका बसवला. कड वायरींवर बसली ती त्यांना ऐकू आल्यासारखी वाटली. तिनं त्यांना कान्हे स्टेशनवर आणून सोडलं. उतरताना तिनं त्यांच्या बाहीवरची धूळ झटकली आणि म्हणाली, “जाल ना नीट? खांडीला रेंज नसते हं. उद्या दुपारी फोन करेन.” ते म्हणाले, “हो.” गाडी वळली, डोक्यावर ती काळी पेटी घेऊन, आणि फाटकापलीकडे दिसेनाशी झाली.

लोणावळ्याची गाडी यायला अर्धा तास होता. ते बाकावर बसले. समोर एक कुटुंब बसलं होतं, डोंगर चढून आलेलं बहुधा, सगळ्यांच्या पाठीवर एकसारख्या पिशव्या, बुटांना नसलेली धूळ ते झटकत होते. एरवी या कुटुंबावर माधवरावांची वीस मिनिटं मजेत गेली असती. त्यांनी प्रयत्न करून पाहिला. बाईच्या टोपीबद्दल काही सुचतंय का पाहिलं. सुचेना. त्यांच्या डोक्यात एक साधा सरळ हिशोब चालला होता आणि तो थांबत नव्हता: टाकव्यापुढे रस्ता खराब, तासभर हादरे, कड घासणार, संध्याकाळी ती झाकण उघडणार, दिवा लावणार, दहाला झोपणार. ती उशी कुठल्या बाजूला करते? लहानपणी भिंतीकडे डोकं करायची. म्हणजे इथे बिजागरीकडे. त्यांनी फोन लावला. नेटवर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. इतकं लगेच काही होणार नाही, त्यांनी स्वतःला सांगितलं. आठ दिवस टिकेल. उद्या दुपारी ती फोन करेल तेव्हा सांगू. आणि त्याच दमात त्यांना कळलं की उद्या ते कसं सांगतील. शांतपणे, मुद्द्यामुद्द्यानं, ‘तू काल विचारलं असतंस तर’ अशी सुरुवात करून. ते वाक्य आतापासूनच तोंडात तयार होतं, घोळवलेलं, गुळगुळीत. त्यांना स्वतःची किळस आली. लोणावळ्याची गाडी आली, थांबली, गेली. ते बाकावरच होते. गाडी गेल्यावर उठून फाट्यावर आले आणि टाकव्याला निघालेल्या टमटममधे कोंबलेल्या सात माणसांत आठवे बसले.

हनुमंत शटर ओढत होता. “आबा? तुमी परत कसं? ताई तर कवाच गेल्या.”

त्यांनी सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं. हनुमंत ऐकत राहिला, मग त्यानं शटर पुन्हा वर केलं, एका डब्यातून फ्यूज शोधून खिशात टाकला, वायरीचा एक तुकडा आणि जाड रबरी नळी घेतली. मोटारसायकल बाहेर काढत तो म्हणाला, “पर आबा, तुमी तर समोरच व्हता. तवाच का न्हाई बोलला?”

माधवराव गाडीवर मागे बसले. हनुमंतनं पुन्हा विचारलं नाही. तो प्रश्न त्यांना सबंध रस्ताभर टोचत राहिला. वडेश्वर मागे पडलं, धरणाचं पाणी झाडांमधून दिसू लागलं, मोटारसायकल खड्ड्यात आपटली की त्यांचं हाडन्‌हाड वाजे, आणि एकाहत्तराव्या वर्षी त्यांना एका अनोळखी माणसाची कंबर दोन्ही हातांनी घट्ट धरून बसावं लागत होतं. त्याच्या शर्टाला घामाचा आणि लोखंडाचा वास होता. हा माणूस शेड बंद करून घरी निघाला होता. त्यानं ‘उद्या बघू’ म्हटलं नव्हतं. ज्याच्या वॉशरांत आपण सकाळभर चुका शोधल्या तो हाच, असं एकदा त्यांच्या मनात आलं आणि लगेच गेलं. कारण दुसऱ्या खड्ड्यात त्यांची टोपी उडाली आणि त्यांनी ती उचलायला गाडी थांबवू दिली नाही.

खांडीच्या अलीकडे पठारावर गाडी उभी होती. ऊन कलतं झालं होतं. तंबू उघडलेला, शिडी लावलेली, आणि कौमुदी खाली स्टोव्हवर पाणी ठेवत होती. मोटारसायकल बघून ती घाबरून उभी राहिली. “काय झालं? आईला काही—?”

“आईला काही नाही,” माधवराव म्हणाले. पाय बधिर झाल्यामुळे त्यांना कौमुदीच्या गाडीला टेकून उभं राहावं लागलं. “बिजागरीपाशी बघ. वायर.”

ती शिडी चढली. बराच वेळ वरच होती. खालून ते त्यांनाही दिसत होतं: लाल वायरीचं आवरण चिरलेलं होतं, आणि चिरेतून तांबं चमकत होतं. एका दुपारच्या प्रवासात. ती खाली उतरली, हात पुसले.

“हे तुम्हाला कधी दिसलं?”

स्टेशनवर बसल्यावर ध्यानात आलं, असं म्हणता आलं असतं. तिनं विश्वास ठेवला असता. सत्तरीच्या माणसाला गोष्टी उशिरा ध्यानात येतात. हनुमंतही काही बोलला नसता. तो पाठ फिरवून धरणाकडे बघत होता.

“तिथंच,” ते म्हणाले. “साडेअकराला. तू वायर ओढलीस तेव्हा.”

“म्हणजे मी दिवा दाखवला त्याच्या आधी.”

“हो.”

“आणि तुम्ही छान म्हणालात.”

“हो.”

नथूचं सांगावं, असं त्यांच्या फार मनात आलं. सगळं सांगावं, तो क्षण, ते मनगट, तो कागद. पण ते सांगितलं की आपण बिचारे ठरू, आणि बिचारं ठरण्यासाठीच आपल्याला ते सांगायचं आहे, हेही त्यांना स्वच्छ दिसलं. कौमुदी त्यांच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ती नुसती त्यांचं माप घेऊन पुढची अपेक्षा संपवून टाकलेली नजर होती. ही नजर त्यांच्या ओळखीची होती. नथूकडे, पद्मजाकडे, गल्लीतल्या पाहुण्यांकडे, पुठ्ठ्याच्या धरणाकडे ते असंच बघत आले होते. फक्त ती समोरून कशी दिसते हे त्यांना माहीत नव्हतं. डोळे खाली घालायची इच्छा झाली. त्यांनी घातले नाहीत.

“हनुमंतभाऊ, पाना आहे का?” ती म्हणाली.

तिनं वायर सोडवली, चिरलेला भाग कापला. हनुमंतनं नवा तुकडा जोडला, दोन्ही वायरी रबरी नळीत घालून मागच्या बाजूनं, झाकण जिथे टेकत नव्हतं तिथून, खाली घेतल्या. मधे एकदा कौमुदीनं वायरीचं टोक माधवरावांपुढे धरलं. “हे धरा.” त्यांनी धरलं. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, हात दुखेपर्यंत धरून उभे राहिले. पठारावर वारा होता आणि स्टोव्हवरचं पाणी उकळून आटत चाललं होतं.

मग तिनं डिकी उघडली, फ्यूज हातात घेतला, आणि त्यांच्याकडे न बघता विचारलं, “कुठे बसवायचा?”

सकाळपासून ज्याची वाट पाहिली ते हे होतं. त्यात आदर नव्हता, विश्वासही नव्हता; दुकानदाराला विचारावं तसं होतं ते.

“बॅटरीजवळ,” ते म्हणाले. “लाल वायरवर. वीतभराच्या आत.”

तिनं बसवला. “आणि?”

“पॅनेलच्या मागच्या दोन नटांना स्प्रिंग वॉशर नाहीत. हादऱ्यांनी सुटतील.”

हनुमंतनं मान वर केली, ओशाळून. “व्हय, ऱ्हायलं खरं. हायेत माझ्या खिशात.”

“आणि?” कौमुदी म्हणाली.

“बस. एवढंच.” मग ते थांबले. “नाही. उशी बिजागरीकडे करू नकोस. शिडीकडे कर. उतरायला वाट जवळ हवी.”

तिनं आभार मानले नाहीत. हनुमंतच्या हातातून वॉशर घेतले, पाना उचलला आणि शिडी चढू लागली.